चाकांवरची खोली भंडारदऱ्याला

शनिवार, २३ जानेवारी १९७१. मुक्काम भंडारदरा, तालुका अकोले.

हजर मंडळी: आमचे हे, म्हणजे शमुवेल, नगरच्या एका तांत्रिक शाळेत सुतारकाम आणि फिटिंग शिकवतात. त्यांची थोरली बहीण मार्थाअक्का, जन्मभर पहिली-दुसरीची मुलं सांभाळून आता निवृत्त. माझा धाकटा भाऊ जयवंत, देवळाली प्रवऱ्याजवळच्या साखर कारखान्यात ट्रॅक्टरवर. गळीत हंगाम चालू असताना त्याला रजा कशी मिळाली, हे मी विचारलं नाही. आणि मी, मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. याशिवाय जयवंतच्या मित्राची जीप, मंगळवारी संध्याकाळी परत करण्याच्या बोलीवर आणलेली, आणि तिच्यामागे जोडलेली आमची खोली.

खोली म्हणजे ट्रेलर. लष्कराने मोडीत काढलेला दोन चाकांचा सांगाडा यांनी लिलावात घेतला आणि त्यावर सागाची चौकट, प्लायवूडच्या भिंती आणि पत्र्याचं छप्पर चढवलं. आत समोरासमोर दोन बाक आहेत, गाद्या टाकल्या की ते पलंग होतात. स्टोव्हसाठी पत्रा ठोकलेला ओटा आहे, खिडकीला जाळी आहे, डाव्या बाजूला दार आहे. परदेशातली माणसं अशा खोल्या ओढत सुट्टीला जातात, असं एक चित्र यांनी कुठल्याशा मासिकात पाहिलं होतं. चित्रातली बाई दारात हसत उभी होती. ती खोली सरळ कशी उभी केली, हे मात्र चित्रात नव्हतं.

ज्यांनी असलं काही पाहिलं नाही त्यांच्यासाठी ते सांगते. चाकं दोनच आणि ती मधोमध, त्यामुळे जीपपासून सोडवली की खोली तराजूच्या दांडीसारखी कुठेही कलते. म्हणून क्रम पाळावा लागतो. आधी डावी-उजवी बाजू बघायची. जी बाजू खाली असेल तिच्या चाकापुढे फळ्या ठेवायच्या आणि जीपने हळूच ओढून चाक त्यांवर चढवायचं. मग दोन्ही चाकांना दगड लावायचे, मग जीप सोडायची. त्यानंतर पुढचा दांडा जॅकने वरखाली करून पुढची-मागची बाजू बघायची. सगळ्यात शेवटी चार कोपऱ्यांचे चार टेकू खाली सोडून जमिनीला नुसते टेकवायचे. टेकूंनी खोली उचलायची नसते, तिला फक्त धीर द्यायचा असतो. हा क्रम मी कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवला होता, त्यामुळे घोटाळ्याला जागा उरली नाही अशी माझी समजूत होती.

नगर ते अकोले रस्त्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. राहुरीपुढे उसाच्या गाड्या, कोल्हारला चहा, संगमनेरला पेट्रोल. अकोल्याच्या पुढे चढ लागला तशी यांनी जीपची डावी चाकं दोनदा रस्त्याखालच्या मुरमात उतरवली. दुसऱ्या वेळी अक्कांच्या मांडीवरचा अंड्यांचा डबा जयवंतच्या पायावर गेला.

"रस्ता उजवीकडे कलता केलाय," हे म्हणाले. "कोण ठेकेदार होता देव जाणे."

"दाजी, मी घेऊ का जरा?" जयवंतने विचारलं.

"तू माझी सायकल घेतली होतीस."

आमचं लग्न झालं त्या वर्षी जयवंतने यांची नवी सायकल विहिरीत घातली होती. तेव्हापासून चाक असलेली कुठलीही वस्तू हे त्याच्या हातात देत नाहीत. तो कारखान्याच्या भरलेल्या ट्रॉल्या रोज ओढतो, तरीही.

राजूरला पेढे घेतले आणि पुढे हवा बदलली. आमच्या नगरकडे जानेवारीत पिवळ्या करड्या माळांवर नजर दूरपर्यंत जाते आणि तिला अडायला काही नसतं. इथे नजरेला पावलोपावली डोंगर आडवा येतो. शेंडी गाव ओलांडलं आणि खाली धरणाचं पाणी दिसलं. वारा नव्हता. पाणी इतकं स्तब्ध होतं की पलीकडचा डोंगर त्यात उलटा उभा होता.

जागा शेंडीच्या देवरामची. भात कापून झालेलं त्याचं वावर पाण्याच्या काठापर्यंत उतरत जातं. देवराम आमच्याच वयाचा, बारीक, अतिशय अदबीचा माणूस. त्याची बायको चांगुणा त्याच्या उलट.

"ह्यात झोपनार तुमी?" तिने खोलीभोवती फेरी मारून विचारलं. "आन् घरी काय झालंय?"

"घरी काही नाही झालं," अक्का म्हणाल्या. "माझ्या भावाला सुख टोचतं."

मग काम सुरू झालं. पाणसळ, म्हणजे लाकडाच्या पट्टीत बसवलेली काचेची नळी, हे शाळेतली स्वतःची घेऊन आले होते. नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला की पातळी साधली. यांच्या शाळेत एक पद्धत आहे. नवी पाणसळ आली की मुलं आधी ती यांच्याकडे आणतात. हे चष्मा सावरून, डावा डोळा मिटून बघतात आणि ती बरोबर आहे की नाही ते सांगतात. पाणसळीने माणसाचं काम तपासायचं, पण आमच्याकडे माणूस पाणसळ तपासतो, आणि आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

हे खोलीच्या मागे वाकले, डोळा मिटला. "उजवं चाक दोन बोटं वर पाहिजे."

पाणसळ जमिनीवर ठेवली. तीही तेच म्हणाली. जयवंतने फळ्या टाकल्या, यांनी जीप पुढे घेतली, चाक चढलं, दगड लागले, जीप सुटली, दांडा बसला, टेकू टेकले. बुडबुडा अगदी मध्यावर. मी क्रमातल्या प्रत्येक ओळीवर खूण केली.

"देवराम, सरळ आहे ना?" यांनी विचारलं.

"हाय की सायेब. एकदम सरळ."

अक्कांनी ओट्यावर चहा गाळला. कप भरला, ठेवला, आणि सगळा चहा डावीकडच्या काठाशी येऊन उभा राहिला.

रविवार, धरणाकाठी

सकाळच्या तक्रारी अशा. अक्का उजव्या बाकावर झोपल्या होत्या. त्यांचं म्हणणं, झोप लागली की त्या बाकाखाली जायला निघतात. जयवंत बाहेर जीपमध्ये झोपला होता, त्याचं म्हणणं खोलीचं दार आपोआप उघडतं आणि उघडंच राहतं. माझं ऑम्लेट डाव्या बाजूला जाड आणि उजव्या बाजूला पापडासारखं झालं होतं.

"शमू, ही खोली कलती आहे."

"अक्का, पाणसळ बघ."

"मी बघते रे पाणसळ. माझा चहा बघत नाही ना."

मी स्वतः पाणसळ ओट्यावर ठेवली. बुडबुडा मध्यावर. शेजारीच ताटात पाणी ओतलं, ते डाव्या काठाला भिडलं. एकाच ओट्यावर एकाच वेळी दोन निकाल. दाराला साखळी घालून बघितली. चटईखाली काही गेलंय का बघितलं. टेकू ढिले करून पुन्हा लावले. काही उमगेना. माझ्या वसतिगृहात दोन मुली दोन गोष्टी सांगत आल्या तर त्यांतली एक खोटं बोलत असते आणि कोण ते मला पाच मिनिटांत कळतं. इथे खोटं कोण बोलणार, पाणी की बुडबुडा?

देवराम दूध घेऊन आला. अक्कांनी त्याला गाठलं. "खरं सांग, कलती आहे ना?"

"व्हय बाई. कलतीच हाय."

"काल साहेबांना सरळ म्हणालास ना?"

"काल सायेब इचारत हुते."

"आन् आज तुमी इचारता," चांगुणा मागून म्हणाली. "त्याला धरनाचं पानी वर चढतंय म्हना, व्हय म्हनंल."

जयवंत म्हणाला, "दाजी, उसाची ट्रॉली मी अशी उभी केली असती तर मुकादमानं मला तिच्याखालीच पुरला असता. एकदा पुढून बघा की."

"मागून काय आणि पुढून काय."

"मग बघायला काय जातंय?"

हे खोलीच्या पुढे गेले. वाकले. डावा डोळा मिटला. नेहमी एका क्षणात निकाल देणारा माणूस तिथे बराच वेळ वाकून राहिला. मग मागे आले आणि मागून बघितलं. पुन्हा पुढे गेले.

"काय म्हणता?" मी विचारलं.

"पुढून बघितलं तर डावं चाक चार बोटं खाली आहे."

"आणि मागून?"

"मागून सरळ आहे."

जयवंत हसायला लागला आणि यांच्या तोंडाकडे बघून थांबला. हे म्हणाले, "ऊन डोळ्यावर येतं," आणि देवरामच्या वावराच्या वरच्या बांधाकडे चालू लागले. ऊन त्या वेळी डोंगराआड होतं.

रविवार असल्याने आम्ही काठावर चटई टाकून उपासना केली. अक्कांनी वचन वाचलं, मी गीत धरलं. देवराम आणि चांगुणा थोडं अंतर ठेवून बसले. संपल्यावर चांगुणाने विचारलं, तुमचा देव कुठं ठेवलाय, दिसला न्हाई. अक्का म्हणाल्या, आम्ही त्याला सोबत उचलून आणत नाही, तोच येतो. ते तिला पटलं. म्हणाली, मग तुमाला सामान कमी लागत आसंल.

उपासनेच्या वेळी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हे धरणाकडे पाठ करून बसले होते. जे पाणी बघायला नगरहून आलो, त्याच्याकडे पाठ. चहाला बसले तेव्हाही पाठ. दुपारी रतनवाडीला होडीने जायचं ठरलं होतं, तर म्हणाले, "तुम्ही जा. मी टेकू बघतो." टेकूंत बघण्यासारखं काही नव्हतं.

होडी देवरामची. रतनवाडीचं देऊळ मी फक्त ऐकून होते. काळ्या दगडाचं, अंगभर कोरलेलं, आणि भोवतीच्या चार झोपड्यांना त्याचं काही विशेष वाटत नाही. एक म्हातारी त्याच्या सावलीत नागली पाखडत होती. अक्कांनी प्रत्येक खांबापुढे उभं राहून, जणू शाळा तपासायला आल्यासारखं, सगळं कोरीवकाम बघितलं आणि म्हणाल्या, "वही नीट ठेवली आहे." चांगुणाने बांधून दिलेल्या नागलीच्या भाकरी आणि सुक्या माशांची चटणी आम्ही तिथेच खाल्ली. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दुसऱ्या घासात पाणी लागतं, ही ओलसर, काळपट आणि पोटाला जड. जयवंत तीन खाऊन आडवा झाला.

परत येताना आमचा काठ समोर आला. पाणी अजूनही हलत नव्हतं. काठावर आपली पांढरी खोली, तिच्याखाली पाण्याची लांब सरळ रेघ. खोलीच्या तळाची रेघ त्या रेघेशी जुळत नव्हती. एका बाजूला दोन्हींमधलं अंतर बोटभर, दुसऱ्या बाजूला वीतभर. कुणाच्याही डोळ्यांना सहज दिसावी अशी ती कलली होती. यांच्या डोळ्याला मात्र दिसली नव्हती.

त्यानंतर माझ्यापुढचा प्रश्न खोलीचा राहिला नाही. मंगळवारी घाट उतरायचा होता. राजूरच्या खालची वळणं, मागे खोलीचं ओझं, एका बाजूला दरी, आणि जीप चालवणार हेच. चढताना रस्ता त्यांना उजवीकडे कललेला दिसला होता आणि म्हणून ते डावीकडे उतरत होते. येताना डाव्या बाजूला मुरूम होता. जाताना डाव्या बाजूला काय आहे, ते मला आठवेना.

सोमवार, तिथेच

सकाळी हे अंघोळीला गेले असताना मी पाणसळ पुसायला घेतली आणि ओट्यावर परत ठेवताना ती उलटी फिरवून ठेवली गेली, म्हणजे डावं टोक उजवीकडे. बुडबुडा सरकत जाऊन टोकाला चिकटला. पुन्हा फिरवली, मध्यावर. पुन्हा फिरवली, टोकाला. ओटा तोच होता.

"ताई, पानसळ बी पक्ष बदलती का?" जयवंत म्हणाला.

नळीवरची पितळी पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली आहे. लाकूड जुनं, पितळ जुनं, पण स्क्रूंच्या खाचा ताज्या चकाकत होत्या. मी ती तशीच हातात घेऊन काठावर गेले. हे अंघोळ करून कोरड्या दगडावर बसले होते, पाण्याकडे पाठ.

"ही उघडली होती का कुणी?"

"मीच. नोव्हेंबरात. चुकत होती."

"चुकते हे कसं कळलं?"

"दिसत होतं."

मी शेजारी बसले. ते आपणहून बोलले. त्यांना मोठ्याने बोलवत नव्हतं. "मागं पाणी आहे ना, ते तुला कसं दिसतं?"

"कसं म्हणजे?"

"सरळ दिसतं?"

"पाणी आहे. सरळच असणार."

"तेच. असणार. मला ते उजवीकडे उतरतं दिसतं. परवा आल्यापासून. बाक, भिंत, रस्ता, यांत माणूस म्हणू शकतो की बनवणाऱ्याने चूक केली. धरणात कुणी चूक केली म्हणू?"

यांच्या वडिलांना उतारवयात डोक्याचं दुखणं झालं होतं, आधी अक्षरं गेली, मग माणसं. हे कधी त्याबद्दल बोलत नाहीत. त्या वेळीही बोलले नाहीत, पण मला ते ऐकू आलं. मी मनात कामं लावायला सुरुवात केली: पुण्याचे डॉक्टर, शाळेची रजा, कोणाला कळवायचं. यादी पुढे सरकेना. पहिल्याच ओळीत काय लिहायचं, हेच कळत नव्हतं.

यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसायला घेतला. गोल काचांचा, काळ्या काड्यांचा.

"आता बघा," मी म्हणाले.

"आता? आता तर काहीच नीट दिसत नाही."

"नीट नको. सरळ दिसतं का ते सांगा."

ते वळले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पाण्याकडे तोंड केलं. डोळे बारीक केले, डावा मिटला, उघडला, उजवा मिटला.

"धूसर आहे," ते म्हणाले. आणि मग, "सरळ आहे."

चष्मा लावला. "उतरतं." काढला. "सरळ."

एव्हाना अक्का आणि जयवंत मागे येऊन उभे होते. अक्कांनी विचारलं, "शमू, काच कधी पडली होती का रे?"

"नोव्हेंबरात. ऐरणीवर पडली. उजवी. फुटली नाही. मीच बसवली."

"कशी बसवलीस?"

"कशी म्हणजे? गोल काच, गोल खाच."

सांगताना ते मध्येच थांबले. डोळ्याच्या डॉक्टरांनी नंबर देताना सांगितलं होतं म्हणे, उजव्या काचेला कोन आहे, ती एकाच दिशेने बसते. तेव्हा यांनी मान डोलावली होती. पुढे काच निखळली तेव्हा दुकानात नेणं यांना कमीपणाचं वाटलं असेल. जो माणूस शाळेतल्या लेथचं बारीकसारीक बसवतो, त्याने एक काच बसवायला पेठेत जायचं? काच खाचेत फिरली, जग कललं, आणि यांनी सगळ्या जगाला सरळ करायला घेतलं. सुरुवात पाणसळीपासून.

"म्हणजे डोळा नाय, काच!" जयवंत म्हणाला. "दाजी, तुमी आमचा जीव घेतला."

अक्का एक हात दगडावर टेकून खाली बसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पहिलीतलं पोर सुद्धा पाटी उलटी धरली तर कुणाला तरी विचारतं."

मला वाटलं, संपलं. यांनी नखाने काच थोडी थोडी फिरवायला घेतली, पाण्याकडे बघत. मुलं दुर्बीण लावतात तशी. एका जागी थांबले.

"आता पाणी सरळ आहे."

"मग झालं."

"काय झालं? नोव्हेंबरात पाणसळीचे स्क्रू असेच फिरवले होते. दिसेपर्यंत." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "आता ते सरळ आहे म्हणून दिसतंय, की मी फिरवलं म्हणून दिसतंय?"

खरं सांगायचं तर मला प्रश्नच नीट पोचला नव्हता, आणि अजूनही तो रात्रीच्या भांड्यांपाशी आठवतो.

दुपारी खोली पुन्हा लावली. पाणसळ एकदा सुलटी, एकदा उलटी ठेवायची आणि दोन्ही वेळा बुडबुडा मध्यापासून सारखाच दूर राहील तिथे थांबायचं, असं मी आणि जयवंतने ठरवलं. शिवाय ताटातलं पाणी. उजव्या चाकाखालच्या फळ्या सगळ्या निघाल्या. तेवढी जागा मुळातच सपाट होती. हे दगडावर बसून होते. जयवंतने दोनदा हाक मारली, "दाजी, बघता का?" तर म्हणाले, "तुम्ही बघा."

देवरामला कुणी विचारलं नाही. तोच आपणहून म्हणाला, "आता बरी हाय." चांगुणाने त्याच्याकडे बघितलं, जणू तो पहिल्यांदाच बोलला.

संध्याकाळी तिने भात आणि माशाचं कालवण आणलं. ओट्यावर ठेवलेलं कालवण ताटात मधोमध राहिलं. यांनी अर्धाच भात खाल्ला.

मंगळवार, परतीचा रस्ता

शेंडीच्या शाळेत झेंडावंदन होतं. मुलं पांढऱ्या सदऱ्यांत ओळीने उभी होती आणि गुरुजींनी आम्हाला पुढे बसवलं. ते उरकून आम्ही सामान भरलं. टेकू वर, दांडा जीपवर, दगड बाजूला. माझा कागद उलट्या क्रमाने वाचायचा, एवढंच.

जीपची किल्ली यांच्याकडे होती. चष्मा डोळ्यांवर होता, काल नखाने बसवलेला. मी रात्रीपासून शब्द जुळवत होते. जीप ज्याची त्या मित्राचं नाव पुढे करावं, की सरळ सांगावं, की अक्कांना बोलायला लावावं. अक्कांनी मला डोळ्याने खुणावलं, तू. मी अक्कांना खुणावलं, तुम्ही. जयवंत खोलीच्या मागे जाऊन आधीच घट्ट असलेली साखळी घट्ट करत होता.

हे चालकाच्या बाजूने चढले. स्टीअरिंगच्या चाकावर हात ठेवला. समोर देवरामचं वावर आणि त्यापुढे पाणी. दोन्ही डोळ्यांनी बघितलं, एकाने बघितलं. जीप सुरू केली नाही. मग उतरले, पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि किल्ली खिडकीतून आत, चालकाच्या मोकळ्या जागेवर ठेवली.

"जयवंत."

"काय, दाजी?"

"वळणावर दुसऱ्या गियरात उतर. आणि मागची खोली आहे हे विसरू नकोस."

"न्हाई विसरत."

"सायकल विसरलास."

"दाजी, ती इहीर बिनकठड्याची हुती."

घाटात यांनी चष्मा काढून हातात धरला. डावीकडे दरी होती. जयवंत इतका हळू उतरला की मागून आलेल्या एसटीने भोंगा वाजवून वाजवून शेवटी नाद सोडला. राजूरला पेढे घ्यायचं मी लिहून ठेवलं होतं. तिथे थांबायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

नगर

खोली आता आमच्या अंगणात, चिंचेच्या बाजूला उभी आहे. मंगळवारी जीप परत जायची घाई असताना मी आणि जयवंतने ती लावली. सुलटी पाणसळ, उलटी पाणसळ, ताट. तीन कोपऱ्यांचे टेकू टेकवले. चौथ्याला, म्हणजे मागच्या उजव्याला, जयवंतने हात घातला तेव्हा हे पायरीवरून म्हणाले, "तो राहू दे. मी लावतो."

दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, अक्का सोबत. डॉक्टरांनी डोळे तपासले, डोळे ठीक आहेत म्हणाले. काच दुकानात नेऊन खुणेप्रमाणे बसवून घ्या म्हणाले. बसवून आली. चष्मा डबीत घालून टेबलावर ठेवला आहे. शाळेत हे जुनाच, वाचायचा चष्मा घेऊन जातात आणि मुलांनी पाणसळ दाखवायला आणली तर म्हणतात, उलटी फिरवून बघा, मला काय विचारता.

हे लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "चार बोटं मी पुढून म्हणालो होतो. तेवढं बरोबर लिहिलंयस ना?" मी दाखवलं. डबीकडे हात गेला, तिथून परत आला, आणि म्हणाले, "वाच पुन्हा."

मागचा उजवा टेकू जमिनीपासून बोटभर वर लोंबतो आहे. लावायला अर्धं मिनिट लागेल. मी रोज त्याच्याजवळून जाते. तो अजून लावायचा आहे.